वरून विझलेली जमीन

अण्णा,

काल दुपारी आईनं घरामागच्या रिकाम्या प्लॉटवरची आग विझवली. आग तशी मोठी नव्हती. कुणीतरी कचरा पेटवून दिला होता आणि कडेच्या वाळलेल्या गवतानं पेट घेतला होता. मी ओट्यापाशी मेथी निवडत होते. आई बादली घेऊन गेली, पाणी ओतलं, परत आली, पुन्हा भरून नेली. मी खिडकीतूनच म्हणाले, "झालं की गं, विझली आता." ती गुडघ्यावर हात देऊन कशीबशी खाली वाकली आणि राखेवर पालथा हात टेकवून तशीच थांबली. तुम्ही टेकवायचात तसा. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याबद्दल फारसं बोलत नाही. सणासुदीला भिंतीवरचा फोटो पुसते, हार घालते, संपलं. पण तो हात तुमचाच होता. माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. तुम्हाला काही सांगायचं आहे हे मला कितीतरी दिवसांपासून माहीत होतं. कुठून सुरुवात करायची ते काल कळलं.

मी सात-आठ वर्षांची असेन. वाळूजच्या कामगार वसाहतीत आपल्या दोन खोल्या होत्या आणि मागं बाभळीचं रान. आम्ही पोरींनी भातुकलीत खरीखुरी चूल मांडली, काटक्या पेटवल्या, वाटीत मूठभर तांदूळ शिजवले आणि वरून माती लोटून खेळ मोडला. तुम्ही पहिल्या पाळीहून आलात, कंपनीच्या बसमधून उतरलात ते थेट वासाच्या मागानं रानात. "कुनी पेटवलं?" मी म्हणाले, "अण्णा, विझवलंय आम्ही." तुम्ही माझं मनगट धरून मला खाली बसवलंत, माझा हात पालथा केलात आणि त्या मातीवर टेकवलात. माती तापलेली होती. मी हात ओढून घेतला. "ह्याला विझलं म्हनत्यात व्हय?" तुम्ही ओरडला नाहीत, मारलं तर नाहीच. "आग विझली असं डोळ्यानं म्हनायचं नाय, माय. हातानं म्हनायचं." मग ऊन कलेपर्यंत आपण दोघं त्या एवढ्याशा खड्ड्यात पाणी ओतत होतो, काठीनं चिखल कालवत होतो, हात लावून बघत होतो. आई दोनदा जेवायला बोलवून गेली. मैत्रिणी लांबून बघून हसत होत्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तुमच्या घरात तुमच्याआधी आगीची नोकरी कुणी केली नव्हती. पैठणकडचं मेंढरं राखणारं घर. आजोबा अर्धं वर्ष कळपामागं गावोगाव हिंडायचे, तुमचं लहानपणही तसंच गेलं. तुम्ही पहिले, ज्यांनी मेंढरं सोडून कारखान्याचं गेट गाठलं. आधी रखवालदार, मग कंपनीच्या आग विझवणाऱ्या पथकात. पहिल्यांदा लाल हेल्मेट घरी आणलंत तेव्हा आजी म्हणाली होती, "आता हे काय डोक्यावर? लगीन हाय का कुनाचं?" तुम्ही लई हसला होतात. दारात तुमचे गमबूट उलटे करून ठेवलेले असायचे, आत विंचू जाऊ नये म्हणून. ही सवय तेवढी मेंढपाळाची होती. बाकी तुम्ही पुरते वाळूजचे झाला होतात.

आणि शहरातल्या गुलमंडी बाजारातली ती संध्याकाळ. बारावी झाली, कॉलेजात नाव घातलं, आणि तुम्ही मला ड्रेसचं कापड घ्यायला घेऊन गेलात. मला पिवळं, चमकणारं कापड आवडलं होतं. दुकानदारानं ते फर्रकन उलगडून माझ्या खांद्यावर टाकलं. "ये देखो चचा, जॉर्जेट है, इस्त्री का झंझट ही नहीं."

"सुती हाय का ते सांगा."

"आजकल कॉटन कौन पहनता चचा? बच्ची कॉलेज जारी ना?"

तुम्ही कापडाच्या कडेचा एक धागा ओढून काढलात, खिशातून काडेपेटी काढलीत आणि त्या भरल्या दुकानात धागा पेटवलात. दुकानदार उठूनच उभा राहिला. "अरे चचा, दुकान जलाते क्या!" धागा जळला नाही, आकसला, टोकाला काळा, चकचकीत मणी झाला. तो तुम्ही माझ्यापुढं धरलात. "बघ. हे वितळतं आन् अंगाला चिकटून बसतं. सुती जळतं, पन अंग सोडतं." शेवटी तुम्ही मला निळं सुती कापड घेऊन दिलंत. मी बसस्टॉपपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही एका गाड्यावरून भाजलेल्या शेंगा घेतल्यात, पुडी माझ्यापुढं धरलीत, मी तोंड फिरवलं. मग तुम्ही एकटेच खात राहिलात, आणि टरफलं मात्र रस्त्यावर न टाकता शर्टाच्या खिशात भरत होतात.

त्याच वर्षी ते झालं. तुमच्या कंपनीच्या गोदामात पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांना आग लागली. दिवसाउजेडीची वेळ होती, पथक सगळं होतं, आग आटोक्यात आली, विझली. माणसं गेटवर चहा घेत बसली होती म्हणे. तुम्ही चहा घेतला नाहीत. "जरा हात लावून येतो," असं म्हणून परत आत गेलात. वरच्या पोटमाळ्यावरचे गठ्ठे आतून धुमसत होते. पोटमाळा खाली आला. तुमचे सोबती घरी आले, दारातच उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, जरा बसा." आई बसली नाही. तिनं गॅस बंद केला, पदर घेतला आणि चपला न घालता निघाली.

सरकारी दवाखान्याच्या जळिताच्या वॉर्डात तुम्ही काही दिवस होतात. चेहऱ्याला पट्ट्या होत्या, बोलणं कठीण होतं. मी उशाशी बसायचे, कधी झोपायचात, कधी कण्हायचात. एकदा सकाळी एकदम स्वच्छ आवाजात म्हणालात, "विझली होती, माय." मी म्हणाले, "हो अण्णा." तुम्ही मान हलवायचा प्रयत्न केलात. "नाय. वरून विझली होती." एवढंच. मला वाटलं, तुम्ही स्वतःची चूक सांगताय. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्याला माणसं जमली. सगळ्यांच्या तोंडी एकच, "विझल्यावर कशापायी गेला गडी?" मीही मनात तेच विचारत होते. मला तुमचा राग यायचा, अण्णा. वर्षानुवर्षं यायचा. चहा घेतला असतात तर? बाकीच्यांसारखे गेटवर बसला असतात तर? कुणी सांगितलं होतं? आई शिवणकाम करून घर चालवत होती आणि मी त्या निळ्या ड्रेसमध्ये कॉलेजला जायचे, तो विरेपर्यंत.

पुढं मी मातीचा अभ्यास केला. मातीचाच का, याचं उत्तर मला कधी नीट देता आलं नाही. शिकत शिकत पुण्याला गेले, तिथून बाहेर, आणि शेवटी इंडोनेशियातल्या बोर्निओ बेटावर पोचले. तिथं एक जमीन आहे, तिला पीट म्हणतात. तुम्हाला कशी सांगू? ती माती नाहीच. हजारो वर्षं झाडांचा पाला, फांद्या, मुळ्या पाण्यात पडत राहिल्या आणि पाण्यामुळं कुजायच्या राहिल्या. त्यांचा थरावर थर चढला, इतका की लोखंडी नळी आत घालत राहावी, जोडावर जोड द्यावा, तरी तळ लागत नाही. त्यावर जंगल उभं आहे. पाणी आहे तोवर सगळं ठीक. पण कधीकाळी लाकूड वाहून न्यायला कुणी कुणी तिथं कालवे खणले, त्यांतून जंगलाचं पाणी वाहून गेलं आणि ती जमीन वाळली. वाळली की ती जमीन राहत नाही, जळण होते. एक ठिणगी पडली की आग वरून दिसत नाही, खाली खाली उतरत जाते. राखेखाली इस्तू राहतो ना, तसा. पण मैलोन् मैल आणि महिनोन् महिने. हे मला पहिल्यांदा वर्गात समजावून सांगितलं तेव्हा समोरच्या पडद्यावर नुसतं राखाडी, शांत रान होतं. शिकवणारे म्हणाले, "दिसायला विझलेलं आहे." मी वर्गाबाहेर जाऊन जिन्यात बसले होते.

आमचं काम एका नदीकाठच्या गावात होतं. नदीचं पाणी कोऱ्या चहासारखं, घरं लाकडी खांबांवर उभी. गावातली माणसं मासे धरायची, रबराच्या झाडांचा चीक काढायची, वेत तोडायची. जमिनीतलं पाणी किती खाली गेलंय हे बघायला आम्हाला रानात जागोजागी नळ्या रोवायच्या होत्या आणि कालव्यांवर लाकडी बांध घालायचे होते. हे गावाशिवाय होणारं नव्हतं. पहिल्याच बैठकीत एक किडकिडीत माणूस उठला. अंगात फुटबॉलची जर्सी, तोंडात लवंगेच्या वासाची सिगारेट. त्यांची भाषा मी इथं आपल्या भाषेत लिहिते. ते म्हणाले, "तुम्ही लोक येता, नळ्या ठोकता आणि जाता. नळ्या इथंच राहतात. आता कालवा अडवणार म्हणता. मग माझी होडी कुठून जायची? तुमच्या डोक्यावरून?" सगळं गाव हसलं. मी म्हणाले, "आधी तुमच्या होडीतून कालवा दाखवा, मग बोलू." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "पोहता येतं का?" मी म्हणाले, "नाही. आमच्याकडं पाणीच नाही." त्यावर ते इतके हसले की सिगारेट विझली.

तिथं वडीलधाऱ्या माणसाला पाक म्हणतात, आणि लेकरांना हाक मारताना नाक. पाक म्हणजे बाप, नाक म्हणजे पोर. त्या होडीवाल्यांना मी पाक म्हणायला लागले. त्यांनी मला "नाक" म्हणून हाक मारली की मला हसू यायचं. एकदा त्यांनी कारण विचारलं, तेव्हा मी स्वतःच्या नाकाला हात लावून दाखवलं आणि मग सांगितलं, की आमच्याकडं पाक म्हणजे साखरेचा चिकट रस. त्यांनी ते गावभर केलं. तेव्हापासून मी हाक मारली की ते ओरडायचे, "काय गं नाका, साखर पाहिजे का?" तुम्ही असतात तर तुमच्या दोघांचं वय साधारण सारखंच असतं. मी हे तेव्हाच मोजलं होतं.

होडीचं भांडण महिनाभर चाललं. शेवटी बांधाच्या मधोमध उतार ठेवायचा आणि त्यावर गोल ओंडके आडवे टाकायचे, म्हणजे होडी त्यांवरून ओढून पलीकडं नेता येईल, असं ठरलं. ही युक्ती नेमकी कुणाची, यावरूनही आम्ही वाद घालायचो. बांध त्यांनी आणि गावकऱ्यांनी बांधला, छातीभर काळ्या पाण्यात उभं राहून. मी वाळूची पोती भरत होते. नळ्यांतलं पाणी मोजायचं काम पाक आणि त्यांची मुलगी करायचे. ती मुलगी माझ्यापेक्षा थोडी लहान, नवरा शहरात कामाला, बोलायला कमी. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी हळूहळू चढलं. वाळलेली झाडंझुडपं तरारली. त्या वर्षी आम्ही सगळ्यांनी बांधावर बसून मासे भाजून खाल्ले, तेही होडीत चूल मांडून. जमिनीवर आग पेटवायची नाही असं पाकनीच फर्मान काढलं होतं. या माणसानं एके काळी स्वतःचं शेत जाळून साफ केलं होतं, त्याच्या बापानंही तसंच केलं होतं. मी त्यांना तुमची चुलीची गोष्ट सांगितली. पालथा हात करून दाखवला. त्यांनी तो लगेच उचलला. पुढं गावातली पोरंही जमिनीला पालथा हात लावायला लागली, अण्णा. तुम्हाला समुद्रापलीकडची ती माणसं ओळखत नव्हती, पण तुमचा हात ओळखत होती.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस लांबला, नळ्यांतलं पाणी खाली खाली गेलं. बांधाच्या वरचं रान ओलं राहिलं, पण खालच्या अंगाला, जिथं अजून बांध नव्हता, तिथं आग शिरली. कुणी लावली, कशी लागली, कुणाला कळलं नाही. आकाश पिवळं झालं, सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. गावानं बोअर पाडले होते. पंप लावायचा, नळीचं तोंड जमिनीत खुपसायचं आणि खालचं रान पार चिखल होईपर्यंत पाणी पाजत राहायचं. वरून मारलेलं पाणी फुकट जातं. तोंडाला ओले पंचे बांधून आम्ही दिवसचे दिवस हेच केलं. मी सगळ्यांना सुती कपड्यांसाठी टोकायचे. शहरातून सुती पँट आणल्याही होत्या. पाक म्हणायचे, "तुझ्या बापाचं दुकान होतं का कापडाचं?"

त्या दिवशी त्यांची सुती पँट धुऊन वाळत टाकलेली होती आणि धुरानं काही वाळतच नव्हतं. ते फुटबॉलवाल्यांची चकचकीत पँट घालून आले. मी बघितलं. ते म्हणाले, "आज फक्त बघायला जायचंय, नाका. काल विझवलंय." आम्ही आदल्या दिवशी भिजवलेल्या पट्ट्यात गेलो. सगळं काळं, थंड, शांत. ते पुढं, मी मागं, त्यांची मुलगी होडीजवळ. मी म्हणाले, "पाक, बस करा आता, विझलंय सगळं." ते वळून म्हणाले, "उद्या बायका वेत शोधायला इकडंच येतील. त्यांच्या आधी कुणीतरी चालून बघायला नको?" आणि वाकून पालथा हात जमिनीवर टेकवायला त्यांनी पाऊल पुढं टाकलं. पाऊल टेकलंच नाही. जमीन पापुद्र्यासारखी फुटली आणि ते मांडीपर्यंत आत गेले. खाली पोकळ होतं. वरून विझलं होतं आणि खाली सगळा निखाऱ्यांचा आर होता.

मी त्यांना कसं ओढलं ते मला आठवत नाही. त्यांची मुलगी धावत आली, दोघींनी ओढलं. पँट वितळून पायाला चिकटली होती. मी कालव्याचं पाणी ओतत होते आणि ते कापड सुटत नव्हतं. गुलमंडीतला तो काळा मणी, अण्णा. तो मला तेव्हा दिसला आणि नंतर कधी दिसायचा थांबला नाही.

शहरातला दवाखाना नदीनं लांब. मुलगी मागं इंजिनापाशी बसून होडी हाकत होती, मी मध्ये, पाकचं डोकं माझ्या मांडीवर. धुरामुळं काठ दिसत नव्हते. पायावर ओलं फडकं होतं, मी ते सारखं भिजवत होते. ते शुद्धीवर होते. म्हणाले, "बोल काहीतरी, नाका. झोप येतेय, झोपू देऊ नको." मी त्यांच्या भाषेत बोलायला लागले, पण शब्दच सुचेनात. ते म्हणाले, "तुझ्या भाषेत बोल. आवाज आला म्हणजे झालं."

मग मी मराठीत बोलले. मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली. गोदाम, गठ्ठे, चहा, पोटमाळा, आईच्या अनवाणी पायांसकट सगळी. मी ती आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती, आईला नाही, मैत्रिणींना नाही. "अण्णा, वरून विझली होती ना," असं मी म्हणाले तेव्हा मी कुणाशी बोलत होते हे मलाच कळत नव्हतं. त्यांना एक अक्षर समजत नव्हतं. पण दर वाक्याला ते म्हणत होते, "हं, नाका, हं." आणि अण्णा, त्या होडीत मला कळलं की वॉर्डात तुम्ही चूक सांगत नव्हतात. तुम्ही मला नुसतं सांगत होतात की आत जाऊन काय बघितलंत. हात लावायला गेलेला माणूस परत येऊन सांगतो, तसं. "वरून विझली होती." म्हणजे आत जिवंत होती. म्हणजे बाकीचे उठून आत गेले असते तर तेही जिवानिशी गेले असते. तुम्ही आलात आणि सांगितलंत. ऐकायला मी एकटी होते आणि मी "हो अण्णा" म्हणाले होते.

पाक कितीतरी दिवस दवाखान्यात होते. पाय वाचला नाही, मग जखमेतलं विष अंगात भिनलं. मी रोज जायचे. ते रोज विचारायचे, "बांधामागं पाणी किती?" मी सांगायचे. एकदा म्हणाले, "बरा झालो की एका पायानं फुटबॉल खेळीन. गोलकीपरला पळावं लागत नाही." मी हसले, मुलगीही हसली. खिडकीबाहेर धूर होता. त्यानंतर ते फार बोलले नाहीत. एका सकाळी मुलगी व्हरांड्यात माझी वाट बघत उभी होती, आणि तिनं काही सांगायच्या आधीच मी खाली फरशीवर बसले.

ते गेल्यावर लवकरच पाऊस आला आणि जे आम्हा सगळ्यांना जमलं नव्हतं ते त्यानं केलं. मी गाव सोडायच्या आधी त्यांच्या मुलीनं मला जेवायला बोलावलं. भात, मासे, आंबट पाल्याचं कालवण. जेवताना ती म्हणाली, "होडीत तू त्यांना काय सांगत होतीस?" मी म्हणाले, "माझ्या वडिलांबद्दल." "मला वाटलं, तू प्रार्थना म्हणतेस," ती म्हणाली. "इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू जात नसेल, म्हणून मी होडी जरा हळू केली होती."

होडी तेवढी हळू झाल्यानं काही बिघडलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. तरी मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "ऐकू गेलं त्यांना. सगळं ऐकू गेलं." ती रडली. ती रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. दवाखान्यात नाही, पुरताना नाही, तेव्हा रडली. मी नाही रडले. मी तुमच्या वेळेलाही रडले नव्हते, आईला सांभाळायचं होतं म्हणून, असं सगळे म्हणाले होते.

बांध अजून आहे. त्याच्या मागचं रान हिरवं आहे, खालच्या अंगाला काळे खुंट आणि नेचे. आमचं संशोधन संपलं, बाहेरची माणसं आपापल्या देशी गेली. नळ्या तिथंच राहिल्या, ते म्हणाले होते तशाच. पण त्यांची मुलगी अजून पाणी बघते आणि मला फोनवर कळवते. कोरड्या दिवसांत तिचा निरोप आला नाही की मला जेवण जात नाही. आणखी एका कालव्यावर बांध घालायचं गावानं स्वतःच ठरवलंय. त्यासाठी मी येत्या हिवाळ्यात जाणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला मी एवढंच सांगितलंय की तिकडचा एक म्हातारा गेला. ती म्हणाली, "भाजला व्हय?" मी मान हलवली. तिनं चहा टाकला आणि माझ्यासमोर बसून राहिली.

तुम्ही गेलात तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं. आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे. वाळूजला तुमच्या कंपनीच्या जागी दुसरीच कंपनी आहे. तुमचे सोबती निवृत्त झाले, काही गेले. तुम्ही ज्या वयात गेलात त्या वयाला मी आता टेकले आहे. मला वाटलं होतं, तुमचं बोलणं समजलं की राग जाईल. तो पुरता गेलेला नाही. एखाद्या संध्याकाळी, बसमधून उतरणारी माणसं डबे हलवत घराकडं चाललेली दिसली की अजूनही मनात येतं, चहा घ्यायचा होता अण्णा, एक घोट घ्यायचा होता.

मघाशी आई डोकावून गेली. "काय लिहितीस एवढं?" मी म्हणाले, "कामाचं आहे." ती गेली. हे कागद आता फाडीन किंवा कपाटात कपड्यांखाली सारीन, अजून ठरवलेलं नाही. कुणाला दाखवणार नाही एवढं नक्की.

एक सांगायचं राहिलं, आणि ते लिहिताना हात अडतोय. शेवटी तुमच्या चेहऱ्याला पट्ट्या होत्या, आणि त्याच्या आधीचा तुमचा चेहरा माझ्याकडं फक्त फोटोतलाच उरलाय. तुमचा आवाज आहे, हात आहे, चेहरा नाही. डोळे मिटून तुम्हाला आठवायला गेले की होडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवलेला तो माणूस दिसतो, "हं, नाका, हं" म्हणणारा. सुरुवातीला मी त्याला बाजूला सारायचे, तुम्हाला शोधायचे. आता सारत नाही, अण्णा. त्यालाच अण्णा म्हणते.